‘प्रायोगिक’ या शब्दाची किंमत

अमेरिकेत एखाद्या गृहस्थाने आपल्या गॅरेजात विमान बांधले, तर त्या विमानाच्या प्रवेशाशी एक शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. अक्षरांची उंची दोन इंचांहून कमी नसावी आणि सहा इंचांहून अधिक नसावी, इतपत तपशील नियमात आहे. तो शब्द म्हणजे ‘एक्सपेरिमेंटल’, आपल्या भाषेत ‘प्रायोगिक’. आत बसणाऱ्याच्या नजरेसमोर आणखी एक पाटी असते. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठी असलेल्या सुरक्षा-नियमांची पूर्तता ते करत नाही, असा तिचा आशय. थोडक्यात, पाहुण्याने पाय आत ठेवण्यापूर्वीच यजमान आपली मर्यादा सांगून मोकळा होतो.

मराठी साहित्यव्यवहारात हाच शब्द पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापला जातो, परंतु तेथे तो बिरुद म्हणून येतो. ‘प्रायोगिक’, ‘प्रयोगशील’, ‘प्रयोगधर्मी’ अशा चढत्या भाजणीने आपण तो वापरतो. त्यात इशारा नसतो, मर्यादेची कबुली नसते, आणि प्रयोग नेमका कशाचा होता व त्यातून काय निष्पन्न झाले, हे विचारण्याची प्रथाही नाही. एकाच शब्दाच्या वाट्याला आलेली ही दोन नशिबे ताडून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही साहित्य शिकवणारे. आमच्या हाती पाना दिला तर नटाचे कोपरे झिजतील, नट हलणार नाही. तरीही घरी विमान बांधणाऱ्यांच्या नोंदी वाचण्याचा नाद आम्हांस काही वर्षांपासून लागला आहे. त्यांतही ज्यांनी दोन इंजिनांचे विमान बांधायला घेतले आणि ती दोन्ही इंजिने मोटारगाडीतली ‘रोटरी’ असावीत असे ठरवले, त्यांचा उद्योग आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो. हौशी बांधणीतला हा बहुधा सर्वांत धाडसी बेत. एक अपरिचित गोष्ट पुरेशी नाही म्हणून दुसरी, आणि त्या दोहोंच्या जोडणीतून उद्भवणारी तिसरी.

आधी या हौसेचे कायदेशीर रूप पाहू. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली, आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी भरणारा तिचा मेळा आज जगप्रसिद्ध आहे. अमेरिकी नियम असे सांगतो की, विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग अशा व्यक्तींनी केलेला असावा, ज्यांनी तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी हाती घेतला. हे वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याला मम्मट आठवल्यावाचून राहत नाही. त्याने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आणि आरंभी यश व अर्थ यांना स्थान दिले. विमान-कायद्याने अर्थ दाराबाहेर ठेवला, यशाविषयी मौन पाळले, आणि शेवटची दोन प्रयोजने, म्हणजे निर्वृती आणि उपदेश, तेवढी मान्य केली. कायदेपंडितांनी काव्यशास्त्राला नकळत दिलेली ही दाद म्हणावी लागेल.

मात्र या उदारतेला एक अट आहे. बांधणाऱ्याने नोंद ठेवली पाहिजे. कोणत्या दिवशी काय केले, कोणता भाग स्वतः घडवला, कोणता विकत आणला, हे छायाचित्रांसह दाखवता आले पाहिजे. त्यानंतर तपासणी. त्यानंतर चाचणी-उड्डाणांचा काळ. प्रमाणित इंजिन आणि त्यास प्रमाणित पंखा असेल तर सामान्यतः पंचवीस तास, नसेल तर चाळीस, आणि तेही ठरवून दिलेल्या क्षेत्रात, हौसेने फिरायला येणाऱ्या प्रवाशांविना. मोटारीचे इंजिन बसवणारा अर्थातच चाळीस तासांच्या रांगेत उभा राहतो. आपल्याकडे जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे अशी तीन प्रकारची माणसे येतात म्हणतात. येथे नवशे आणि गवशे या नोंदवहीच्या उंबरठ्याशीच गळून पडतात.

आता इंजिनाकडे वळू. ‘रोटरी’ म्हटले की आमच्या गावात लोकांना क्लबाच्या सभा आठवतात, आणि विमानेतिहासाच्या जाणकाराला पहिल्या महायुद्धातली विमाने. त्या जुन्या रोटरीत क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि नळकांड्यांसकट सारे इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरे. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते इंजिन वेगळे. ते जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आले आणि १९५७ साली एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना चालला. त्यात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या अंड्याच्या आकाराचे एक घर, आणि त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण झोकांड्या खात फिरतो. त्रिकोणाच्या तीन टोकांमुळे घराचे तीन कप्पे होतात. हवा ओढणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे ते कप्पे फिरता फिरता उरकतात. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधला दांडा तीन फेरे घेतो. माझदा कंपनीचे ‘१३बी’ हे इंजिन असे दोन त्रिकोण असलेले. त्याची घनक्षमता केवळ १३०८ घन सेंटिमीटर, आणि मुख्य फिरते भाग तीन: दोन त्रिकोण आणि एक दांडा.

‘मोडण्यासारखे काही नाहीच,’ हा या इंजिनाच्या भक्तांचा पहिला दावा. तो पुष्कळसा खरा आहे, पण पुरता नाही. त्रिकोणाच्या टोकांशी बसवलेल्या सील घराच्या भिंतीवर सतत घासत असतात, आणि या इंजिनाचा सगळा इतिहास त्या सीलच्या पट्टीएवढ्या जागेत घडला आहे.

१९६१ साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे पुढे माझदा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने एनएसयूकडून परवाना घेतला. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंत्यांचे पथक कामाला लागले. चाचणीत थोडा वेळ चालल्यावर इंजिन उघडावे, तर घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटलेले. सील कंप पावत होती आणि भिंत खरवडत होती. पथकाने त्या ओरखड्यांना नाव दिले: सैतानाच्या नखांच्या खुणा. सीलसाठी नाना पदार्थ आणि नाना आकार पारखून झाल्यावर कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची सील टिकली, आणि १९६७ साली ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही गाडी बाजारात आली.

त्याच १९६७ साली एनएसयूने आपली ‘आरओ ८०’ ही रोटरी गाडी बाजारात आणली. तिच्या रूपाने आणि कल्पकतेने परीक्षक मोहून गेले. १९६८ची ‘युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार’ हा मान तिला मिळाला. पाठोपाठ गिऱ्हाइकांच्या दारात इंजिने निकामी होऊ लागली. हमीच्या मुदतीत ती बदलून देता देता आधीच तंगीत असलेली कंपनी आणखी खचली, आणि १९६९ साली तिचे विलीनीकरण झाले. पुरस्कार खोटा नव्हता; गाडी खरोखरच अपूर्व होती. पण परीक्षकांनी जे पाहिले ते रूप होते, आणि सीलची परीक्षा पुढे गिऱ्हाइकांच्या खर्चाने झाली. ज्या वाङ्मयसंस्कृतीत पुरस्कार आधी आणि वाचन नंतर होते, तिने या गाडीचे एखादे चित्र भिंतीवर लावावे असे आम्हांस वाटते.

गाडीतले इंजिन विमानात नेणे हे एक भाषांतरच होय, आणि भाषांतरात जे होते तेच येथेही होते. शब्द तसाच राहिला तरी त्याचा शेजार बदलतो. १३बी इंजिन मिनिटाला सहा हजार किंवा त्याहून जास्त फेऱ्यांवर खरे खुलते. लहान विमानाच्या पंख्याला मात्र अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपासचा वेग मानवतो. म्हणून मध्ये वेग उतरवणारी गिअरपेटी लागते, आणि ती पेटी म्हणजे मोडण्याजोगा एक नवा भाग. निकास-वायू अतिशय तापलेला असतो; गाडीचा सायलेन्सर त्या धगीत टिकत नाही. उष्णतेचा मोठा वाटा इंजिनातले तेल वाहून नेते, म्हणून पाण्याबरोबर तेलासाठीही भरपूर मोठा रेडिएटर हवा, आणि प्रत्येक रेडिएटर वाऱ्याला अडवतो. लायकमिंगसारख्या पारंपरिक विमान-इंजिनात ठिणगी मॅग्नेटो नावाच्या स्वयंपूर्ण यंत्रातून येते. बॅटरी मेली तरी इंजिन चालते. आधुनिक रोटरीत ठिणगी, इंधनाचा पंप आणि फवारा, सारेच विजेच्या आधीन. उलट बाजूला, भंगारातल्या गाडीतून मिळणारे इंजिन नव्या विमान-इंजिनाच्या मानाने फार स्वस्त पडते, आटोपशीर असते, आणि त्यात थरथर कमी. ‘आरएक्स-८’ या गाडीचे उत्पादन २०१२ साली थांबले. २०२३ मध्ये माझदाने रोटरी परत आणली, ती एकाच त्रिकोणाची आणि वीजनिर्मितीपुरती. तेव्हा आजही हौशी बांधणारा बहुधा जुन्या इंजिनालाच उजाळा देत बसतो.

एवढे सव्यापसव्य एका इंजिनासाठी. मग दोन कशाला? उत्तर उघड वाटते: एक बंद पडले तर दुसरे आहे. आम्हीही असेच समजत होतो. पण साधे गणित करून पाहावे. समजा, चढाच्या वेगाने समतल उडत राहण्यास विमानाला शंभर अश्वशक्ती लागते, आणि दोन इंजिने मिळून तीनशे देतात. चढण्यासाठी उरल्या दोनशे. एक इंजिन बंद पडले की एकूण शक्ती दीडशे, आणि उरल्या पन्नास. शक्ती निम्मी गेली, पण चढण्याची क्षमता तीन-चतुर्थांश गेली. निपचित पडलेला पंखा आणि तिरके झालेले विमान यांचा अडथळा अजून धरलेलाच नाही. त्यातून इंजिने पंखांवर असतील तर चालू इंजिन विमानाचे नाक मेलेल्या इंजिनाकडे वळवू पाहते, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की सुकाणूही ते सावरू शकत नाही. दुसरे इंजिन तुम्हांला अपघाताच्या जागेपर्यंत सुखरूप नेते, असा एक कडवट विनोद वैमानिकांत रूढ आहे, तो यामुळेच. बर्ट रुटान यांनी १९७८ साली उडवलेल्या ‘डिफायंट’ विमानात यावर तोड काढली होती: एक इंजिन पुढे, एक मागे, दोन्ही एकाच रेषेत. मग एक गेले तरी नाक वळत नाही. ती इंजिने मात्र लायकमिंगची होती.

यापुढचा मुद्दा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. दोन इंजिने दोन केव्हा असतात? दोन्ही एकाच टाकीतून इंधन घेत असतील, त्या टाकीत पाणी असेल, तर ती एक. दोन्हींची ठिणगी एकाच बॅटरीवर आणि एकाच तारेवर अवलंबून असेल, तर ती एक. आणि दोन्ही एकाच माणसाने एकाच चुकीच्या समजुतीने जुळवली असतील, गिअरपेटीचा एकच बोल्ट दोन्हीकडे सारखाच कमी आवळला असेल, तर ती एकच चूक दोनदा केलेली. म्हणून जाणता बांधणारा इंधनाच्या वाटा वेगळ्या ठेवतो, विजेची मंडले वेगळी ठेवतो, आणि दोन्ही इंजिनांना एकाच दिवशी हात लावत नाही. भरवसा संख्येने वाढत नाही, तो वेगळेपणाने वाढतो.

हे वाचताना आम्हांला विमान दिसत नव्हते, मराठी पुस्तकाचे प्रकाशन दिसत होते. प्रस्तावना एकाची, मलपृष्ठ दुसऱ्याचे, परीक्षण तिसऱ्याचे, आणि अभ्यासक्रमात नेमणूक चौथ्याने केलेली. वाचकाला वाटते, चार जणांनी पारखले. पण चौघेही एकाच टाकीतून इंधन घेत असतील तर? प्रस्तावनेत ‘प्रयोगशील’ आले म्हणून मलपृष्ठावर आले, तेथून परीक्षणात उतरले, आणि परीक्षणातून विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत. एका मताच्या चार नकला म्हणजे चार मते नव्हेत.

मराठीत खरे प्रयोग झाले नाहीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे नाटक उभे राहत होते, त्याच्या नावातच ‘प्रयोग’ दोन्ही अर्थांनी होता. ते रोज थोड्या प्रेक्षकांपुढे पारखले जाई आणि फसले तर समोरासमोर फसे. मर्ढेकरांनी १९४७ साली ‘काही कविता’ प्रसिद्ध केल्या, आणि काव्याच्या लयीविषयी व सौंदर्याविषयी आपली भूमिका त्यांनी समीक्षालेखनातून स्वतंत्रपणे मांडली. आपण काय करू पाहतो आहोत, हे सांगण्याची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. म्हणून त्यांच्याशी भांडताही येते. ज्याच्याशी भांडता येते तोच प्रयोग पुढे जातो.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, कलाकृती स्वयंपूर्ण असते. लेखकाकडे नोंदवही मागणे हा अरसिकपणा होय. मान्य. लेखकाने आपली टिपणवही उघडी करावी असे आमचे म्हणणे नाही. नोंद ठेवण्याचे काम समीक्षेचे आहे, आणि तिने ते सोडून जयघोष पत्करला, एवढीच आमची तक्रार. दुसरा आक्षेप: विमान कोसळले तर माणसे मरतात, कादंबरी फसली तर कोण मरते? कोणी मरत नाही, हे खरे. पण बावीस वर्षांचा एखादा विद्यार्थी ‘प्रायोगिक’ म्हणून नेमलेले पुस्तक वाचतो, त्याला ते कळत नाही. दोष आपलाच असे समजून तो गप्प बसतो आणि पुढे वाचायचेच सोडतो. सीलची परीक्षा गिऱ्हाइकाच्या खर्चाने होते ती अशी. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतकी सावधगिरी बाळगली तर कोणी प्रयोगच करणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट दिसते. दोन रोटरी इंजिनांचे विमान बांधू नका, असे तो नियम म्हणत नाही. वाटेल ते बांधा, फक्त लिहून ठेवा, तपासू द्या, आणि पहिले चाळीस तास एकट्याने धोका पत्करा, असे म्हणतो. नोंदीमुळे धाडस कमी होत नाही, उलट त्याला परवानगी मिळते.

या संदर्भात आपल्याच शहरातली दोन विमाने आठवतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगत आलो. त्याचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. तळपदे हे उद्योगी आणि जिज्ञासू गृहस्थ असतील. पण त्यांनी काय जोडले, काय मोडले, कोठे अडले, याची वही आपल्या हाती नाही, म्हणून त्यांच्यापासून शिकण्यासारखेही काही उरले नाही. उरली ती आरती. दुसरे विमान कॅप्टन अमोल यादव यांचे. चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर ते बांधले गेले. २०१६च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले आणि २०१७ साली त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली. ते एका इंजिनाचे, आणि रोटरी नव्हे. पण त्याच्या बाबतीत प्रश्न विचारता येतात आणि कागद मागता येतात. दंतकथेला कागद मागितला की लोक रागावतात. कोणता वारसा पुढे चालवायचा, हे आपण ठरवायचे आहे.

आमची सूचना लहानशी आहे. वर्गात कोणी एखाद्या कृतीला ‘प्रायोगिक’ म्हटले की तीन प्रश्न विचारावेत: प्रयोग कशाचा? तो नसता तर हीच गोष्ट कशी सांगितली गेली असती? आणि तो कोठे फसला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोठेच नाही’ असे आले, तर पुस्तक पुन्हा वाचायला सांगावे. ज्या प्रयोगात काहीच फसले नाही तो एकतर प्रयोग नव्हता, किंवा त्याचे इंजिन अद्याप कोणी उघडून पाहिलेले नाही.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांला पुरता नाही, हेही नोंदवले पाहिजे. गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘ही कादंबरी प्रयोगशील आहे’ हे वाक्य आम्हांला पुनःपुन्हा भेटले. पुढे स्पष्टीकरण क्वचितच होते. बहुतेक ठिकाणी आम्ही त्याखाली बरोबरची खूण केली आणि गुण देऊन टाकले.